पाळकाचे घर : मराठी मंडळीतील एका संस्थेचा इतिहास

ठाण्यात प्रॉटेस्टंट पाळकाचे पहिले बिऱ्हाड लागले ते १८१८ साली. जॉन निकल्स हे अमेरिकन मिशनरी त्या वर्षाच्या आरंभी मुंबईत उतरले आणि थोड्याच महिन्यांत सपत्नीक ठाण्याला राहायला आले. ठाणे तेव्हा तळ्यांचे, भातशेतीचे आणि किल्ल्याचे गाव होते. त्या किल्ल्याच्या कैदेतून त्रिंबकजी डेंगळे निसटल्याला जेमतेम दोन वर्षे झाली होती. १८१७ च्या पुणे तहाने उत्तर कोकण कंपनीकडे आले होते, त्यामुळे खाडीपलीकडच्या कल्याण-भिवंडीचे रस्ते मिशनऱ्यांना नुकतेच मोकळे झाले होते.

या मातीला ख्रिस्ती माणसे नवी नव्हती. १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू याच ठाण्यात हुतात्मे झाले होते आणि पोर्तुगीज काळापासून साष्टीत कॅथलिक गावे नांदत होती. पण कॅथलिक धर्मगुरूला बायको-मुले नसतात. निकल्स यांच्या घरात पत्नी होती, चूल होती आणि शाळेत येणाऱ्या मुलांची वर्दळ होती. धर्मोपदेशकाचा संसार ही ठाणेकरांना नवलाची गोष्ट वाटली असणार.

स्मरणिकांमध्ये मंडळीचा इतिहास छापतात तेव्हा कोनशिला, देणग्या, सभागृहाचा विस्तार आणि पाळकांच्या कारकिर्दीची सनावळी येते. ते सारे हवेच. या लेखात मात्र ज्या संस्थेचा इतिहास मांडायचा आहे, तिला घटना नाही, नोंदणी क्रमांक नाही आणि पंचांची सभाही नाही. ती संस्था म्हणजे पाळकाचे घर.

मिशनची पायाभरणी

निकल्स ज्या अमेरिकन मराठी मिशनचे होते, त्याची सुरुवात १८१३ मध्ये झाली. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट त्या वर्षी फेब्रुवारीत मुंबईला पोहोचले. कंपनी सरकारला मिशनरी नको होते. परत जाण्याचे हुकूम निघाले. गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्याकडे अर्जविनंत्या करत ते तग धरून राहिले आणि त्याच वर्षी पार्लमेंटने सनदेत बदल केल्यावर त्यांचा मार्ग सुकर झाला. पुढच्या काही वर्षांत मराठी शाळा सुरू झाल्या, छापखाना उभा राहिला आणि १८१७ पासून त्यातून मराठी पुस्तिका बाहेर पडू लागल्या. गणपत कृष्णाजी आणि निर्णयसागरचे जावजी दादाजी यांनी छपाईचे पहिले धडे याच छापखान्यात गिरवले, हे मराठी मुद्रणाच्या इतिहासात ठळकपणे नोंदलेले आहे. १८२४ मध्ये मिशनने मुंबईत मुलींची शाळा काढली. शाळांत पंतोजी बहुधा हिंदू किंवा बेने इस्रायली असत.

या कामाची किंमत घरांनी मोजली. मिशनरी पत्नी हॅरिएट न्यूवेल एकोणीस वर्षांच्या असताना, १८१२ मध्ये, मॉरिशस बेटावर वारल्या. त्यांचे पती सॅम्युएल न्यूवेल १८२१ मध्ये मुंबईत पटकीने गेले. ठाण्याचे निकल्स डिसेंबर १८२४ मध्ये निवर्तले. हॉल १८२६ च्या मार्चमध्ये नाशिकहून परतताना वाटेतच पटकीने दगावले. त्यांनी आणि सोबत्यांनी ज्याच्यासाठी वर्षानुवर्षे खपून काम केले, तो मराठी नवा करार त्याच वर्षी छापून झाला. यानंतर मिशनचा ओढा घाटावर वळला आणि १८३१ अखेर अहमदनगरला त्याचे केंद्र सुरू झाले.

निकल्स गेले आणि ठाण्यातले बिऱ्हाड मोडले. पाळक गेला की घर मोडायचे, हा क्रम इथून पुढे अनेकदा दिसतो.

विटेनबर्गचा वारसा

हे घर आले कुठून, हे पाहायचे तर तीनशे वर्षे मागे जावे लागते. १३ जून १५२५ रोजी मार्टिन लूथर यांनी कॅथरिना फॉन बोरा यांच्याशी विवाह केला. एक पूर्वाश्रमीचा संन्यासी, दुसरी मठ सोडून आलेली जोगीण. विटेनबर्गच्या ज्या मठात लूथर व्रतस्थ म्हणून राहत होते, त्याच वास्तूत दोघांनी संसार मांडला. त्यांना सहा मुले झाली. शिवाय अनाथ भाचे-पुतणे, जेवायला-राहायला असलेले विद्यार्थी आणि दूरदूरचे पाहुणे असत. शेत, गुरे, बागाईत, मद्याची भट्टी आणि जमाखर्च हे सारे कॅथरिना सांभाळत. जेवणाच्या मेजावर लूथर जे बोलत ते विद्यार्थी टिपून ठेवत. त्या टिपणांचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १५६६ मध्ये निघाले.

लूथर यांच्या शिकवणीवर वाद झाले, पंथ पडले. पण विवाहित पाळकाचे खुले घर ही गोष्ट जवळजवळ सर्व प्रॉटेस्टंट पंथांनी उचलली. घराची दुसरी बाजूही विटेनबर्गलाच दिसली. १५४६ मध्ये लूथर गेले. युद्ध आणि कायद्याचे अडथळे यांनी कॅथरिना यांना अक्षरशः घराबाहेर काढले आणि १५५२ मध्ये टोरगावला त्यांचा अंत झाला. घर चालवणारी बाई आणि घरावर हक्क असणारी संस्था यांतले अंतर तेव्हापासूनचे आहे.

ही घरे खंड ओलांडून कशी पसरली याचे महाराष्ट्रातले एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. बासेलच्या मिशन शाळेत शिकलेले जर्मन पाळक कार्ल विल्हेल्म आयझेनबर्ग इथिओपियात काम करून मुंबईला आले. गुलामीतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांचा आश्रम त्यांनी १८६० मध्ये नाशिकच्या शरणपुरास नेला. त्यांचा मुलगा चार्ल्स वडिलांच्याच वाटेने गेला, सिंधमध्ये मिशनरी झाला आणि १८७० मध्ये वारला. चार्ल्सची विधवा मारी ही मल्याळम कोशकार हेर्मान गुंडर्ट यांची मुलगी. तिने दुसरा विवाह केला तोही मिशनऱ्याशीच, आणि कादंबरीकार हेर्मान हेसे हा तिचा मुलगा.

नगरची मंडळी

अहमदनगरला मिशनने जे घडवले, ते आजच्या मराठी मंडळीचा कणा आहे. १८४२ मध्ये तिथे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झाले. १८५४ मध्ये हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. आता पाळक मराठी होता, त्याची पत्नी मराठी होती आणि घरातली भाषा, जेवण, ओव्या, अंगाई सगळे मराठी होते. कीर्तनाची परंपरा मंडळीत रुजली ती याच वातावरणात. कृष्णराव सांगळे यांची ख्रिस्ती कीर्तने गावोगाव ऐकली जात.

पण मराठी पाळकाच्या घरापुढे एक जुना प्रश्न उभा होता. पाळकाचे वेतन मिशनने द्यायचे की मंडळीने? मिशनने दिले तर पाळक साहेबांचा नोकर ठरतो. मंडळीने द्यायचे तर मंडळी गरीब. दशांश म्हणून धान्य येई, कोंबडी येई, रोकड क्वचित. या ओढाताणीत घर चालवायचे काम पाळकीणबाईंकडे आले. शब्बाथशाळा, बायकांची प्रार्थनासभा, बाळंतपणाला धावून जाणे, नवरा-बायकोची भांडणे सोडवणे, उपासनेनंतर आलेल्या माणसाला जेवू घालणे ही कामे त्या करत. यातल्या कशाचाही पगार नव्हता आणि कुठल्याही अहवालात त्यांना रकाना नव्हता.

कल्याणचा मुलगा

या घराचा सर्वांत भरघोस पुरावा ज्या कुटुंबाने ठेवला, त्याचा आपल्या ठाणे-कल्याण भागाशी संबंध आहे. नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. पण बालपणीची शाळा कल्याणची. वडील वामनराव सरकारी नोकरीत आणि कडक स्वभावाचे, आई जानकीबाई भक्तिगीतांत रमणाऱ्या. आई गेली तेव्हा मुलगा अकरा वर्षांचा होता. त्यानंतर तो घर सोडून नाशिकला गेला. तिथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकला आणि १८८० मध्ये लक्ष्मीबाईंशी त्याचे लग्न झाले.

१८९३ मधल्या रेल्वे प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने टिळकांना नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई लहान मुलगा देवदत्त (दत्तू) याला घेऊन दुरावल्या आणि काही काळ पंढरपुरात राहिल्या. सुमारे पाच वर्षांनी त्या टिळकांकडे नगरला आल्या, तरी सोवळे आणि चूल वेगळी ठेवूनच. पुढे आपणहून त्यांचे मन बदलले आणि १९०० मध्ये राहुरीला त्यांचा बाप्तिस्मा झाला. १९०४ मध्ये टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे होते आणि ‘उपासनासंगीत’ या गीतसंग्रहात त्यांची शंभराहून अधिक गीते आहेत. कल्याण-डोंबिवलीतल्या मराठी उपासनेत आजही ती गायली जातात.

मंडळीच्या इतिहासात टिळक कवी म्हणून येतात. घराच्या इतिहासात ते वेगळे दिसतात. तापट, क्षणात विरघळणारे, हातातले देऊन टाकणारे, वाटेत भेटलेल्याला घरी घेऊन येणारे आणि आज घरात काय शिजणार याची फारशी चौकशी न करणारे. दुष्काळानंतरच्या अनाथ मुलांना या घरात आसरा मिळाला. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी, नगरला या कुटुंबात मुलासारखे राहिले. टिळक पाहुणा आणत आणि लक्ष्मीबाई त्याचे ताट मांडत. या घराचे अर्धे उपदेश स्वयंपाकघरात झाले, असे म्हटले तर ते खोटे ठरणार नाही.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनच्या चाकोरीबाहेर ‘देवाचा दरबार’ उघडला. बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या दोघांनाही तिथे जागा होती. परदेशी मिशनच्या छत्राखाली भारतीय मन मोकळे होणार नाही, असे त्यांचे मत झाले होते. पण काम रुजायला वेळ मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार दफनाऐवजी दहन झाले.

वडिलांचे चरित्र, आईचे पुस्तक

इथे पुन्हा तो जुना क्रम आला. पाळक गेला; घर मोडले. लक्ष्मीबाईंनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहात मेट्रनची नोकरी धरली आणि नंतर मुलाच्या संसाराबरोबर त्या कराचीला गेल्या. लग्नाच्या वेळी त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. पुढे अक्षरे त्या नवऱ्याकडूनच शिकल्या होत्या आणि त्यांचे शब्दलेखन शेवटपर्यंत आपल्याच मर्जीने चालले.

मुलगा देवदत्त यांना वडिलांचे चरित्र लिहायचे होते. पाळकाच्या मुलाला वडिलांबद्दल लिहायचे म्हटले की नेहमीची अडचण येते. वडील सगळ्यांचे असतात. शेकडो लोकांकडे त्यांची एकेक आठवण असते आणि घरच्यांकडे बहुतेक त्यांची वाट पाहिल्याची. देवदत्तांनी आईला सांगितले, तुला आठवेल ते लिहून दे. चरित्राचे साधन म्हणून सुरू झालेले ते लिखाण ‘संजीवनी’ या साप्ताहिकात येऊ लागले आणि बघता बघता बाजूच्या पात्राने सगळी कथा आपल्या हाती घेतली. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई गेल्या. अपुरा राहिलेला चौथा भाग देवदत्तांनी पुरा केला.

दुसरे काम ‘ख्रिस्तायना’चे. टिळकांनी ख्रिस्तचरित्राचे हे ओवीबद्ध महाकाव्य सुरू केले होते. आरंभीचे मोजके अध्याय लिहून ते गेले. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले आणि ग्रंथ १९३८ मध्ये, त्यांच्या पश्चात, छापून झाला. देवदत्तांनी पुढे ‘ज्ञानोदय’चे संपादन केले आणि १९६० मध्ये पंडिता रमाबाईंचे चरित्र लिहिले. नातू अशोक देवदत्त टिळक यांनी १९८९ मध्ये ‘स्मृतिचित्रे’ची साक्षेपी आवृत्ती सिद्ध केली. जोसेफीन इंकस्टर यांचे इंग्रजी भाषांतर १९५० मध्ये आणि शांता गोखले यांचे २०१७ मध्ये आले.

महाराष्ट्रातल्या पाळकांनी स्वतःही आठवणी लिहिल्या. बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ १८८४ मधले आहे. ते धर्मांतराचा प्रवास सांगते. ‘स्मृतिचित्रे’त पाळकाचा राग, विसराळूपणा, त्याचे प्रेम, रिकामा डबा आणि दारात उभा असलेला नवा पाहुणा दिसतो. रेव्हरंड टिळक आपल्याला सनावळीतल्या नावासारखे वाटत नाहीत, जिवंत वाटतात, याचे श्रेय त्या घरातल्या तीन पिढ्यांच्या लेखणीला आहे.

लूथरन मंडळ्या गाडीने आल्या

लूथर यांच्या घराची परंपरा इथे सर्वत्र पोहोचली, तरी स्वतः लूथरन पंथ मराठी मुलखात फारसा आला नाही. याचे कारण मिशन संस्थांनी आपापसांत वाटून घेतलेली क्षेत्रे. एकीच्या प्रांतात दुसरीने शिरायचे नाही, असा संकेत होता. भारतातले पहिले प्रॉटेस्टंट मिशन लूथरनच. ९ जुलै १७०६ रोजी झीगेनबाल्ग आणि प्लुट्शाऊ तरंगंबाडीला उतरले. पुढे गुंटूरला १८४२ मध्ये हायर आले आणि रांचीला १८४५ मध्ये गॉसनर मिशन. मराठी मुलखाच्या सीमेवर सागर-छिंदवाड्याकडे स्वीडिश लूथरन मिशनने काम केले. छिंदवाडा-पांढुर्णा पट्ट्यात मराठी बोलणारी गावे आहेत, त्यामुळे आपल्या भाषेचा लूथरन मंडळीशी संबंध आला तो तिकडच्या बाजूने.

मुंबई परिसरात हा पंथ गिरणी, रेल्वे आणि कारखान्याच्या नोकरीबरोबर आला. तेलुगू आणि तमिळ लूथरन कुटुंबे कामधंद्यासाठी आली, उपनगरांत राहिली आणि आपल्या भाषेची उपासना शोधू लागली. अशा मंडळीचा पाळक म्हणजे गावाकडचा दुवा. मुलीचे लग्न कुठे जुळवायचे, गावच्या चर्चकडून बाप्तिस्म्याचा दाखला कसा आणायचा, वारलेल्या माणसासाठी दफनभूमी कुठे मिळेल, या सगळ्यांसाठी त्याचेच दार. रविवारी भाड्याच्या किंवा दुसऱ्या मंडळीच्या सभागृहात उपासना घ्यायची, आणि बाकीचे दिवस लोकलच्या गर्दीतून ठाणे, कल्याण, अंबरनाथ अशा घरभेटी करायच्या. पाळकगृह म्हणजे बंगला ही कल्पना इथे संपली. चाळीतली खोली किंवा भाड्याचा फ्लॅट हेच पाळकाचे घर झाले.

१९२४ मध्ये उत्तर भारतातल्या प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल परंपरेच्या मंडळ्या युनायटेड चर्चमध्ये आल्या आणि अमेरिकन मराठी मिशनची मंडळी त्या प्रवाहात गेली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा संस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. लूथरन मंडळ्या या ऐक्यात आल्या नाहीत. त्यांचा स्वतंत्र संघ आहे. पण आज कल्याणला एखाद्या नाताळच्या संध्याकाळी दोन्हीकडचे पाळक एकाच मंचावर दिसतात, तेव्हा त्यांच्या घरांची गोष्ट बरीचशी एकच असते. दर काही वर्षांनी बदली, मुलांची मोडलेली शाळा, पहिल्या बाकावर बसायची सक्ती, आणि निवृत्तीच्या किंवा मृत्यूच्या दुसऱ्या महिन्यात घर रिकामे करण्याची सूचना.

या वर्षी करण्याचे काम

आपल्या मंडळीकडे बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदवह्यांची कपाटे आहेत. सभांची इतिवृत्ते आहेत. पाळकांच्या घरांची नोंद मात्र कुठेच नाही, आणि ती ज्यांच्या आठवणीत आहे ती माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत. पाळकीणबाई बदलापूर, डोंबिवली, मुलुंडला मुलांकडे राहतात. मुले निवृत्त झाली आहेत.

म्हणून काही ठोस ठराव सुचवावेसे वाटतात. मंडळीने या वर्षभरात प्रत्येक माजी पाळकाच्या कुटुंबाकडे दोन माणसे पाठवावीत. एकाने प्रश्न विचारावेत, दुसऱ्याने मोबाइलवर ध्वनिमुद्रण करावे. प्रश्न साधे असावेत : पगार किती होता आणि कधी मिळायचा, घरात कोण कोण राहून गेले, कोणत्या रात्री दार वाजले, बदलीच्या वेळी काय मागे राहिले. स्तुतिपर भाषणे नकोत. तापट वडील तापटच लिहावेत. जुन्या उपदेशांच्या वह्या, पत्रे आणि फोटो कुटुंबाकडेच राहू द्यावेत आणि मंडळीने त्यांच्या प्रती घ्याव्यात. लूथरन बंधुमंडळींनाही या कामात बोलवावे. त्यांच्या आठवणी तेलुगू-तमिळमध्ये असतील तर त्या तशाच नोंदवून नंतर मराठीत आणाव्यात.

याच्या जोडीला एक आर्थिक तरतूद हवी. पाळकाच्या निधनानंतर त्याच्या कुटुंबाला किमान एक शैक्षणिक वर्ष घरात राहता यावे, असा नियम पास्टरेट कमिटीने लेखी करावा आणि भाड्याचा निधी वेगळा काढावा. विटेनबर्गपासून नगरपर्यंत आणि ठाण्यापासून कराचीपर्यंत जे घडत आले, ते टाळण्यासाठी इतका एक ठराव पुरे. पुढच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर तो पहिला असावा.